गोदीसाहेबांचा लाल बावटा

गोदीसाहेब अजून जिवंत आहेत, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. गेलेल्या माणसाबद्दल चारचौघांत बोलताना जीभ आवरावी लागते, आणि मला ती सवय नाही. साहेब ठणठणीत आहेत. रविवारी रोह्याच्या बाजारात दिसतात. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. वडेवाल्याच्या गाडीसमोर थांबून त्याला सांगतात, "बाळ, शेगडीजवळ ते फडकं नको ठेवूस. आग काय चीज असते, तुला माहीत नाही." तो वडेवाला जन्मभर उकळत्या तेलासमोर उभा आहे, त्याच्या मनगटांवर तेलाने भाजल्याचे डाग आहेत. तो "व्हय साहेब" म्हणतो आणि पुढचा घाणा सोडतो.

त्यांचं खरं नाव सुधाकर दळवी. धाटावच्या आमच्या केमिकल कंपनीत ते सेफ्टी ऑफिसर होते. मी तिथेच लॅबमध्ये, आजही आहे. माझं माहेर पेणचं, खाडीकडच्या मिठागरवाल्यांचं, आणि सासर वरशाचं. कंपनीची बस रोह्यातून निघून वरशाला आम्हाला घ्यायची, तेव्हा साहेब आधीच दारालगतच्या पहिल्या सीटवर बसलेले असायचे. शेजारच्या सीटवर त्यांची बॅग. बायका उभ्या राहिल्या तरी बॅग हलायची नाही. एकदा मी विचारलं, "साहेब, बॅगेला पण तिकीट आहे का?" तर म्हणाले, "मॅडम, अपघात झाला तर दार उघडायला मी इथे मोकळा हवा." दार उघडून पहिला कोण उतरणार, हे मी विचारलं नाही. सकाळी सकाळी कशाला तोंड लागा?

त्यांचं हेल्मेट पांढरं होतं आणि ते प्लॅस्टिकच्या पिशवीत असायचं. केस रंगवलेले, भांग पाडलेला. प्लांटमध्ये जायची वेळ आली तर ते हेल्मेट डोक्यावर न घालता काखेत धरत, आणि कोणा हेल्परच्या पायात चप्पल दिसली की त्याला सगळ्यांसमोर फाडून खात. आम्हा बायकांना "मॅडम, बांगड्या" एवढंच म्हणायचे, बोटाने दाखवून. त्यांच्या स्वतःच्या बोटांत तीन अंगठ्या होत्या. आणि खिशात एक भलामोठा पांढरा रुमाल. तो चिमटीत धरून हवेत उंच करायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि सांगायचं, "खाडीकडून आहे." गॅस सुटला तर वाऱ्याची दिशा कळली पाहिजे, हे खरंच आहे. पण हा माणूस कँटीनच्या दारातही रुमाल धरायचा. आत भजी तळताहेत की कोबी शिजतोय, हे त्याला रुमालाशिवाय कळत नसावं.

आता गोदीचं सांगते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गोदीत दारूगोळा भरलेल्या बोटीला आग लागली होती, ते आपल्याकडे जुन्या माणसांना ऐकून माहीत असतं. पोटात दारूगोळा, त्याच्यावर कापसाच्या गासड्या. आतल्या आत धुमसत राहिली आणि दुपार कलताना बोट फुटली. गोदी गेली, आजूबाजूच्या वस्त्या गेल्या, आणखी थोडं झालं असतं तर अर्धी मुंबई गेली असती. विझवायला गेलेले बंबवाले जागच्या जागी गेले. त्यांच्याच आठवणीसाठी दर एप्रिलात अग्निशमन सप्ताह पाळतात. आणि दर एप्रिलात आमच्या गेटच्या आतल्या मैदानावर, सगळ्या शिफ्टच्या माणसांना उन्हात उभं करून, दळवीसाहेब ती गोष्ट सांगायचे. कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचे आजोबा त्या बंबवाल्यांत होते.

"रक्तात आहे आमच्या!" इथून सुरुवात. मग आजोबांनी पाइप कसा धरला, गोऱ्या कप्तानाला कसं सुनावलं, दुसरा स्फोट होताना दोन पोरांना काखोटीला मारून कशी उडी टाकली. बोटीवर सोनं होतं, त्याच्या विटा आभाळातून पडल्या. त्यातली एक वीट आजोबांच्या पायाशी पडली, अन् त्यांनी ती तशीच उचलून पोलिसांच्या हवाली केली. इथे आवाज कापरा. दर वर्षी आजोबा एक पोर जास्त वाचवायचे. आमचा अनंता मागच्या रांगेतून हळूच म्हणायचा, "अजून चार वर्सं साहेब ऱ्हायले तर पाळणाघर निघल."

शेवटी साहेब हात वर करून विचारायचे, "त्या बोटीत दारूगोळा आहे हे गोदीत कोणालाच का कळलं नाही? बोटीवर काय नव्हतं?"

आणि आम्ही सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "लाल बावटा!"

ते मात्र खरं आहे. धोक्याचा माल असला की बोटीवर लाल बावटा लावायचा, अशी रीत. त्या बोटीवर तो नव्हता. आजूबाजूच्या लोकांना वाटलं, कापूस आहे, विझेल. म्हणून लोक बघायला उभे राहिले आणि मेले. एवढ्या थापांमधली एवढीच खरी गोष्ट, आणि नेमकी तीच साहेबांच्या डोक्यात कधी शिरली नाही. बारसं मात्र झालं. त्या भाषणांपासून सगळी कंपनी त्यांना गोदीसाहेब म्हणायला लागली, आणि त्यांना तो मान वाटायचा!

अनंताचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. अनंत पाटील, गागोद्याचा. घरची भातशेती भावाकडे, हा वरशात आमच्या दोन घरं पलीकडे. बायको सुनंदा आणि एक मुलगी, वैशाली. अनंता आमच्या ड्रमच्या शेडचा इनचार्ज. त्या शेडमध्ये अधूनमधून असा माल यायचा की ठिणगी पडली तर भडकेल आणि बंद ड्रममध्ये तापला तर फुटेल. शेजारी सॉल्व्हंटच्या टाक्या. म्हणून जुन्या फोरमनने एक पद्धत घालून दिली होती. तो माल आत आला की शेडच्या छपरावरच्या बांबूला लाल बावटा चढवायचा, माल संपला की उतरवायचा. बावटा वर असेल तर त्या बाजूला कोणी बिडी पेटवायची नाही, गाडी लावायची नाही, वेल्डिंग करायचं नाही. अक्षर न येणाऱ्या कंत्राटी माणसालाही ते कळायचं. अनंता तो बावटा धुऊन, वाळवून, घडी करून ठेवायचा. विटला की सुनंदाकडून नवा शिवून आणायचा.

गोदीसाहेबांची पारख आम्हाला खरी झाली ती पोपटीला. थंडीचे दिवस, वरशाच्या बाहेर शेतात आम्ही कंपनीतली मंडळी जमलो होतो. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्डीचा पाला, भोवती पेंढा आणि लाकडं पेटवून ते भाजायचं, हीच पोपटी. साहेबांना आग्रहाने बोलावलेलं. ते आले तेच मुळी सूचना देत. पाण्याच्या बादल्या आणा, माती आणा, बायकांनी पदर खोचा. मग जाळाजवळ खुर्ची टाकून आजोबांची गोष्ट. गोष्ट रंगात आली, दुसरा स्फोट व्हायच्या बेतात होता, तेवढ्यात वारा फिरला आणि बाजूच्या पेंढ्याच्या गंजीने पेट घेतला. मोठं काही नव्हतं. अनंताने आणि दोघा-तिघांनी ओली पोती मारून, माती टाकून विझवलं. धूर निवला आणि बघतो तर खुर्ची रिकामी.

साहेब बांधापलीकडे त्यांच्या गाडीत बसले होते. काचा वर. इंजिन चालू.

अनंताने काचेवर टकटक केली. काच चार बोटं खाली आली. "इझली, साहेब," अनंता म्हणाला. "या, शेंगा झाल्यात."

साहेबांनी घसा खाकरला. "मी वारा बघायला आलो होतो," म्हणाले. "वारा कुठला आहे ते बघितल्याशिवाय आगीला हात घालायचा नसतो, बाळ."

झालं! त्या दिवसापासून आमच्याकडे तो वाक्प्रचारच पडला. शिफ्ट संपायच्या आधी कोणी सटकला, की "वारा बघायला गेला". सासूने हाक मारली आणि सून दिसेना, की "वारा बघते". वरशातल्या ज्या पोराटोरांनी साहेबांना पाहिलंही नाही, तीसुद्धा असं म्हणतात.

त्यानंतर काही दिवसांनी मी पेणला माहेरी गेले होते. आईने पापड आणायला बायोआत्यांकडे पाठवलं. म्हातारी पोह्याचे पापड करायची, हात अजून चालत होते. बोलता बोलता धाटावचं नाव निघालं, आणि कळलं की ती आमच्या साहेबांची सख्खी आत्या. म्हणजे त्या गोदीवाल्या आजोबांची लेक. मला काय, उकळ्याच फुटल्या. मी विचारलं, "तुमचे वडील बंबावर होते ना?"

"कोन सांगतो गो तुला?"

"सुधाकरदादा. सोन्याची वीट पण सापडली होती म्हणे."

बायोआत्या पापड लाटायची थांबली. "सोन्याची वीट? बाबा घरी आला तवा त्याच्या पायात धड दोन वाहना नव्हत्या गो." मग तिने सांगितलं ते असं. बाबा गोदीजवळच्या धान्याच्या वखारीत कारकून होता. पहिला दणका झाला आणि तो पळाला. दुसरा झाला तेव्हा पळतच होता. पुढे लाँच मिळाली तशी धरमतरला उतरून चालत घरी आला, आणि परत मुंबईला गेला नाही. कितीतरी दिवस त्याला ऐकू येत नव्हतं. चुलीवर दूध उतू गेलं की दचकून उभा राहायचा. "आन् रडायचा," बायोआत्या म्हणाली. "मला मांडीवर घेऊन सांगायचा, बाय गो, बंबवाले आत धावत व्हते आन् मी भायेर. त्यांची तोंडं मला दिसतात. मरेपर्यंत बाबाचं हेच. आमचा सुधा मग मांडीवर बसून ऐकायचा सगळं. त्याला ठाऊक हाय."

मला त्या आजोबांबद्दल अजिबात राग नाही. वखारीतला कारकून, वरून आग पडतेय, तो पळणार नाही तर काय करील? मीही पळाले असते. पळाला आणि पळालो म्हणून जन्मभर रडला, तो माणूस होता. पण त्याच्या मांडीवर बसून ते ऐकलेल्या नातवाने त्याच रडण्याचं भाषण करावं, मेलेल्या बंबवाल्यांचा पाइप ओढून आपल्या घरात आणावा, याची मला किळस आली. किळसच. दुसरा शब्द नाही.

बसमध्ये मी साहेबांना मुद्दाम मोठ्याने सांगितलं, "बायोआत्या भेटल्या पेणला. आजोबांचं सांगत होत्या." साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. म्हणाले, "आत्याचं वय झालंय. तिला आता काही आठवत नाही." आणि रुमाल काढून मान पुसली.

त्याच्या पुढच्या एप्रिलात मुंबईहून डायरेक्टर आले होते. बाई माणूस, नवीन, घाबरट. आदल्या वर्षी आमच्या शेजारच्या कंपनीत संप झाला होता. आता आमच्या भागात लाल बावटा म्हणजे काय, हे पेण-रोह्याच्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा. मोर्चा, सभा, घोषणा. ह्या बाई व्यासपीठावर बसलेल्या, साहेबांची गोष्ट संपली, साहेबांनी हात वर केला, "बोटीवर काय नव्हतं?" आणि आमच्या पोरांच्या अंगात काय संचारलं देव जाणे, दर वर्षी एकदा म्हणतात ते थांबेचनात. "लाल बावटा! लाल बावटा! लाल बावटा!" मुठी वर करून! मागून कोणीतरी "झिंदाबाद" पण घातलं. बाईंचा चेहरा पांढराफटक. जनरल मॅनेजर उठून उभे राहिले. आम्ही लॅबवाल्या पदरात तोंड खुपसून हसत होतो.

हसलो, पण महागात पडलं. केबिनमध्ये साहेबांची काय हजामत झाली कोण जाणे, बाहेर आले ते लालबुंद होऊन. आणि बाहेर आल्या आल्या त्यांना सगळ्यात आधी काय दिसलं? शेडच्या बांबूवर अनंताचा बावटा. माल होता आत. डायरेक्टर बाईंची गाडी त्याच वाटेने जाणार होती.

साहेब तरातरा शेडकडे गेले. मी लॅबच्या दारात होते, सगळं ऐकू येत होतं.

"काढ तो."

"साहेब, माल हाय आत," अनंता म्हणाला.

"काढ म्हणतोय ना! कंपनीत युनियन आणायचीय का तुला?"

"युनियनचा नाय साहेब. धोक्याचा हाय. तुमीच सांगता ना गोदीचं?"

"मला गोदी शिकवतोस?" साहेब किंचाळले. मग स्वतः दोरी सोडून बावटा खाली ओढला. आणि दुसऱ्या दिवशी त्या बांबूवर त्यांनी स्वतःच्या हाताने काय लावावं? सेफ्टीचा हिरवा झेंडा. कागदोपत्री सेफ्टीचा रंग हिरवाच, ते खरं. "हिरवा म्हणजे सुरक्षा. कसं प्रसन्न वाटतं बघा," म्हणाले. जगात कुठेही हिरवा दिसला की माणूस पुढे जातो, एवढी साधी अक्कल ह्या माणसाला नव्हती. अनंता जाऊन मॅनेजरला भेटला. मॅनेजर म्हणाले, दळवींचं डिपार्टमेंट आहे. मग माल आला की अनंता स्वतः शेडबाहेर उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगायचा. बावट्याचं काम माणूस करायला लागला. त्याला जेवायला जावं लागायचं, तेवढाच वेळ शेड उघडी.

त्याच वेळेत झालं. पावसाळा सरून ऊन तापलेलं. कंत्राटदाराचा नवीन वेल्डर शेडच्या भिंतीलगतचा पाइप जोडायला आला. परवानगी साहेबांनी द्यायची असते, जागेवर येऊन, बघून. साहेब केबिनमध्ये जेवत होते. वेल्डरने फोन केला. त्याने पुढे आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं की साहेबांनी एकच विचारलं, "वर कुठला झेंडा आहे?" तो म्हणाला, "हिरवा." साहेब म्हणाले, "मग कर की."

शेडमध्ये ड्रम होते, त्यांच्यावर प्लॅस्टिकची ताडपत्री घातलेली. भिंतीच्या वरच्या जाळीतून ठिणग्या आत गेल्या. मला लॅबच्या खिडकीतून आधी धूर दिसला, मग अनंता कँटीनकडून धावत येताना दिसला. तो आत धावला. बाकीचे बाहेर धावत होते, तो आत. मला त्या क्षणी बायोआत्याच्या बापाचं बोलणं आठवलं.

ताडपत्री पेटलेली होती आणि खाली ड्रम तापायला लागले होते. पाणी यायच्या आत ती निघाली नसती तर ड्रम फुटले असते, ड्रमनंतर टाक्या. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. अनंताने ती दोन्ही हातांनी ओढून काढली. वितळलेलं प्लॅस्टिक हातांना चिकटलं तरी सोडली नाही, फरफटत मैदानात आणली. तोवर पोरांनी पाण्याचा मारा सुरू केला होता. ड्रम वाचले. टाक्या वाचल्या. धाटाव वाचलं म्हणा, वरसे वाचलं म्हणा. मी अनंताच्या हातांवर पाणी ओतत होते आणि तो मला विचारत होता, "ताई, इझली ना? ड्रम गार झालं ना?" त्याच्या तळहाताची कातडी माझ्या बोटांना लागून येत होती.

आणि गोदीसाहेब? गेटच्या बाहेर. रस्त्यापलीकडे, हेल्मेट डोक्यावर (पहिल्यांदाच!), रुमाल हवेत. वारा बघत होते.

पुढचं ऐका. रोह्याहून बातमीदार आला, त्याला आत कोण सोडणार? तो गेटवर अडला. गेटवर त्याला कोण भेटलं? जो सगळ्यांत आधी बाहेर पडला होता तो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, हेल्मेटसकट. 'गोदीच्या आगीशी झुंजलेल्या आजोबांच्या नातवाने रोखली धाटावची आग.' मी तो पेपर लॅबमध्ये टराटरा फाडला.

चौकशी बसली. साहेबांनी सांगितलं की शेडवर लाल बावटा लावणं हे शेड इनचार्जचं काम, त्याने तो लावला नाही. हिरवा झेंडा? तो सेफ्टी सप्ताहाचा, शोभेचा. मी जाऊन जे पाहिलं, ऐकलं ते सगळं सांगितलं. वेल्डरनेही सांगितलं. चौकशीवाले मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही लॅब बघा." वेल्डरचं कंत्राटच गेलं. अनंताची नोकरी गेली नाही, मेहेरबानी केली म्हणे. हात धड मिटत नाहीत, ड्रम काय हलवणार, म्हणून त्याला गेटवर बसवला. रोज सकाळी बस आली की तो आखडलेल्या हातांनी दांडा वर करायचा, आणि साहेब पहिल्या सीटवरून त्याच्याकडे न बघता आत जायचे.

नोकरीचं अनंताला फार नव्हतं. एकदा माझ्याकडे चहाला आला, कप दोन्ही तळहातांत धरून बसला. म्हणाला, "ताई, हाताचं काय नाय वो. पन वैशालीला कॉलेजात पोरी बोलतात, तुझ्या बापामुलं आग लागली. तिनं मला इचारलं, बाबा, तुमी बावटा इसरला व्हता काय? मी नाय म्हनलं. तिनं मान हलवली, पन तिला पटलं नाय. माज्या पोरीला पटलं नाय, ताई." एवढं एकच त्याला हवं होतं. मुलीसमोर ते खरं व्हावं.

साहेब रिटायर झाले. शाल, श्रीफळ, चांदीचा बंब, खरंच चांदीचा छोटा बंब दिला कंपनीने. वाटलं, सुटलो. पण ह्या एप्रिलात नव्या मॅनेजरने सप्ताहाला कुटुंबांसकट सगळ्यांना बोलावलं आणि प्रमुख पाहुणे म्हणून कोणाला आणलं? मैदानावर मांडव, खुर्च्या. सुनंदा आणि वैशाली माझ्या शेजारी बसल्या होत्या. वैशाली यायलाच तयार नव्हती.

गोष्ट तीच. आजोबा, पाइप, वीट. पण आता तिला शेपूट फुटलं होतं. आजोबांनंतर नातू आला. धाटावची आग आली. साहेब धुरात शिरले. "आमचा एक कामगार आत अडकला होता. त्याच्या हातून चूक झाली होती, पण चूक कोणाकडून होत नाही? मी त्याला ओढून बाहेर काढला." आणि मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या अनंताकडे हात करून, "ये, बाळ, वर ये. लाजू नकोस."

माझ्या हाताला काहीतरी टोचलं. वैशालीची नखं होती.

अनंता वर गेला. गेटवरच्या निळ्या युनिफॉर्ममध्ये, हात पोटाशी धरून. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला, माइक त्याच्या तोंडासमोर धरला आणि जुन्या सवयीने विचारलं, "सांग यांना, बाळ. बोटीवर काय नव्हतं?"

लाल बावटा म्हणायला सगळा मांडव तोंड उघडून बसला होता.

"बोटीवर बंबवालं व्हतं, साहेब," तो म्हणाला. "ते आत ग्येलं ते आलंच नाय. बावटा नव्हता, पन ती मानसं व्हती. आमच्या शेडवर बावटा व्हता. तो तुमी काढला. माज्यासमोर काढला, ताईंसमोर काढला." मग त्याने साहेबांचा हात खांद्यावरून हळूच खाली केला. "बोटीवर काय नव्हतं, इचारता ना? वारा बघनारा तेवढा नव्हता."

मग मागून एकजण हसला, मग सगळा मांडव. तसलं हसणं मी आयुष्यात ऐकलं नाही. कँटीनवाल्या, ड्रायव्हर, पोरंटोरं. नव्या मॅनेजरला काही कळेना, तो शेजारच्याला विचारत होता, "वारा? वारा काय?" अनंता खाली उतरला, सरळ चालत आमच्याकडे आला. वैशाली उठली आणि त्याचे ते दोन्ही हात तिने आपल्या हातात घेतले, सगळ्यांसमोर. मी रडले, सांगायला लाज कसली?

साहेब माइक धरून उभे होते. काहीतरी बोलायला गेले, पण त्या हसण्यात ऐकू आलं नाही. खिशातून तो पांढरा रुमाल काढला, घाम पुसायला असेल, पण तो हातात दिसल्याबरोबर मांडव पुन्हा उसळला. मग त्यांनी माइक टेबलावर ठेवला, टोपी घातली आणि व्यासपीठाच्या मागच्या बाजूने, पायऱ्या नसलेल्या बाजूने, धोतर नसताना धोतर सावरल्यासारखे उतरले. गाडीचं दार वाजलं. काचा वर गेल्याचं आम्हाला मांडवातून दिसलं.

गेटवर दांडा खाली होता. तो उघडायचा माणूस आमच्याजवळ उभा होता, आणि मुलीचा हात सोडून जायची त्याला काही घाई नव्हती.